रेड डेझर्ट, एरिया १००: टेहळणीच्या नोंदी

२२ मार्च २०२५, सॉल्ट लेक सिटी

यंदा एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी वायोमिंगला अर्ज करायचा, हे आज जेवताना नक्की झालं. दाजींचं म्हणणं, युटातली आपली नेहमीची डोंगरातली जागा सोडून नवं झेंगट कशाला? पण त्या जागेत आता झाडागणिक एक शिकारी उभा असतो, आणि त्यातले निम्मे दाजींच्याच ऑफिसातले. मला उघडं रान बघायचंय. एरिया १०० म्हणजे रॉक स्प्रिंग्जच्या उत्तरेचा, स्टीमबोट माउंटनच्या आसपासचा मुलूख. रेड डेझर्टचा पश्चिमेकडचा भाग. दोन हजार ते सव्वीसशे मीटर उंचीवरचं वाळवंट, झाड जवळजवळ नाहीच. बाकी ठिकाणचे एल्क उन्हाळ्यात डोंगरावर चढतात आणि बर्फ पडला की खाली उतरतात. इथले बरेचसे वाळवंटातच राहतात.

आपण दोघांनीही तो भाग फक्त महामार्गावरून पाहिलाय. आय-८०वरून ताशी एकशे वीसच्या वेगात तो सपाट आणि रिकामा दिसतो. म्हणून या नोंदी. काय पाहिलं, कुठे पाहिलं, कधी पाहिलं, ते लिहून ठेवायचं. दाजी सगळं डोक्यात ठेवतात आणि मग दर वर्षी त्याच टेकडीवरून वाद घालतात.

अर्जाआधी जमिनीचा गुंता. १८६२च्या कायद्याने आंतरखंडीय रेल्वेला मार्गाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक चौरस मैल जमीन मिळाली, १८६४ला हा पट्टा दुतर्फा वीस-वीस मैलांचा झाला. त्यामुळे रॉक स्प्रिंग्जच्या वर-खाली नकाशा सगळा चौकटींचा आहे. एक चौकट सरकारी, शेजारची खासगी. सरकारी चौकटी एकमेकींना फक्त कोपऱ्यात टेकतात. त्या कोपऱ्यावरून पाय टाकून पलीकडे जाणं हे खासगी हद्दीत घुसणं होतं का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. मिसूरीचे चार शिकारी एल्क माउंटनवर दोन खांबांवर शिडी ठेवून कोपरा ओलांडून गेले, जमीनमालकाने त्यांच्यावर लाखो डॉलरचा दावा ठोकला. परवा, १८ मार्चला, दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आधार १८८५च्या कायद्याचा. सरकारी जमिनीची वाट अडवता येत नाही.

निकाल चांगलाच आहे. पण जीपीएसची चूक तीन-चार मीटरची असते, आणि कोपरा हा बिंदू असतो. मला पहाटे अंधारात शेजाऱ्याच्या कुंपणाशी कायद्याची पोथी वाचायची नाही. म्हणून पहिला निर्णय: चौकटींच्या पट्ट्याच्या उत्तरेलाच राहायचं. तिथे बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याची, सलग जमीन आहे. नकाशावर पिवळीच्या पिवळी.

१३ एप्रिल

दोन रविवार नकाशावर गेले. एल्क शोधायचे नाहीत, पाणी शोधायचं, एवढंच ठरवून बसलो होतो.

ही जनावरं आपल्या काश्मिरी हंगुलच्या नात्यातली, पण दांडगी. मादीच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. चारा मुख्यतः गवताचा, आणि कोरड्या दिवसांत पाणी रोज लागतं. वाळवंटात गवत सगळीकडे विरळ असतंच, पाणी मात्र मोजक्या ठिकाणी. मी आटपाडीकडचा. आमच्याकडे उन्हाळ्यात धनगराचा वाडा कुठे उतरलाय हे शोधायला कुणी मेंढरांच्या मागे माळभर हिंडत नाही, तळ्यात पाणी कुठे उरलंय ते विचारतात. इथेही तेच करायचं.

गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, त्याचा मोठा उपयोग झाला. २०१२ आणि २०२१ ही दोन्ही कोरडी वर्षं होती. त्यांच्या उन्हाळाअखेरच्या चित्रांत ज्या खळग्यात पाणी चकाकतंय, तो खळगा भरवशाचा. नकाशावर निळ्या टिंबांनी दाखवलेली निम्म्याहून जास्त डबकी या परीक्षेत बाद झाली. पांढरी खारी पपडी, बाकी काही नाही. जी उरली ती तीन प्रकारची: स्टीमबोटच्या उतारावरचे झरे, गुरांसाठी बांधलेले हौद, आणि किलपेकर वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याची लहान तळी. हा तिसरा प्रकार पटेना. वाळूच्या ढिगाऱ्यात ऑगस्टमध्ये पाणी?

पूर्वेला ग्रेट डिव्हाइड बेसिन सुरू होतं. खंडाचा पाणलोट इथे दुभंगतो आणि मध्ये एक मोठं ताट ठेवून पुन्हा जुळतो. त्या ताटात पडलेला पाऊस ना पॅसिफिकला जातो, ना अटलांटिकला. तिथेच मुरतो नाहीतर वाळतो.

दुसरी खूण लावली ती सावलीची. स्टीमबोटच्या उत्तर अंगाला अ‍ॅस्पेन आणि लिंबर पाइनची थोडी राई आहे. तिथे प्रत्येक जण जाणार. झाड दिसलं की शिकाऱ्याला हायसं वाटतं. म्हणून ती राई यादीत खाली.

२५ जून

सोडत लागली. एरिया १००, मादी किंवा पिल्लू. शिंगवाल्या नराचा इथला परवाना मिळायला माणसं वर्षानुवर्षं सोडतीचे गुण साठवतात. मला भिंतीवर टांगायला काही नको, फ्रीझर भरायचाय, त्यामुळे हेच बरं. दाजींनी अर्ज केला नव्हता, ते यंदा हमाल.

घरी फोन केला. आप्पा माळकरी, त्यांना हे सांगणं नेहमीच अवघड जातं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याखाली शिकार हा गुन्हा, आणि तो तसाच राहावा असं माझंही मत आहे. इथे हिशोब वेगळा आहे. किती जनावरं आहेत, किती परवाने द्यायचे, हे राज्याचं खातं दर वर्षी ठरवतं, आणि त्या खात्याचा खर्च मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या पैशांतूनच निघतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाऊस कसाय तिकडं?" विषय संपला.

कुणी मराठी मंडळी विचारतात म्हणून लिहून ठेवतो: एच-वनबीसारख्या व्हिसावर असताना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट आहे. शिवाय १ जानेवारी १९६६ नंतर जन्मलेल्याला वायोमिंगमध्ये शिकार-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. आणखी एक: केंद्राने 'विल्डरनेस' म्हणून घोषित केलेल्या भागात बाहेरच्या राज्याच्या माणसाला वाटाड्या किंवा स्थानिक सोबती घ्यावाच लागतो. रेड डेझर्टमधले राखीव तुकडे अजून 'अभ्यासाखाली' आहेत, घोषित नाहीत. म्हणजे आपल्याला वाटाड्याची सक्ती नाही.

१२ जुलै, किलपेकर

सकाळी रॉक स्प्रिंग्जमध्ये टाकी भरली आणि दोन जादा कॅन. गाव खाणीचं, सगळ्या जगातून आलेल्या मजुरांनी वसवलेलं. २ सप्टेंबर १८८५ला इथेच २८ चिनी खाणमजुरांना गोऱ्या मजुरांनी मारलं आणि त्यांची वस्ती जाळली. पेट्रोल भरताना हे आठवतंच. दुकानातल्या बाईने मात्र परवाना कुठला लागला ते विचारलं, एरिया १०० म्हटल्यावर ती म्हणाली, "टायर बघून घ्या." टायरचा सल्ला खरा ठरला. जळालेल्या सेजब्रश झुडपांची बुंधं खिळ्यासारखी जमिनीतून वर आलेली असतात.

१९१ महामार्गाने उत्तरेला, मग ट्राय-टेरिटरी रस्त्याने पूर्वेला. डांबर सुटलं की तासाभरात बोअर्स टस्क समोर येतो. विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड, भोवतालची माती झिजून गेली आणि हा सुळका उरला. शंभरेक मीटर उंच. दिशा चुकायला नको म्हणून फारच सोयीचा. दिवसभर कुठूनही मान वर केली की तो दिसतो.

महामार्गावरून जे सपाट वाटतं ते सपाट नाही. चालायला लागलं की दर दोनशे पावलांवर जमीन खचते. घळ, ओहोळ, त्याच्या पोटात आणखी एक ओहोळ. एका घळीत उतरलो तेव्हा सत्तर मीटरवर आठ-दहा प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखी जनावरं) उभे होते, ते वरून अजिबात दिसले नव्हते. हे ध्यानात ठेवायचं: इथे झाडी नसली तरी लपायला जागा मुबलक आहे, फक्त ती जमिनीच्या पातळीखाली आहे.

वाळूच्या टेकड्यांचा एक भाग वाहनांसाठी खुला आहे, शनिवारमुळे तिथे इंजिनांचा नुसता गजर. आपण दुसऱ्या अंगाला गेलो, जिथून पुढे गाड्यांना बंदी आहे. तिथून पायी.

आणि तळी सापडली. आता कारण कळलं. वारा इथे बारा महिने पश्चिमेचा. हिवाळ्यात तो बर्फ उडवून टेकडीच्या पूर्व कुशीत साठवतो आणि वरून वाळूचा थर चढवतो. वाळूखाली तो बर्फ टिकून राहतो, उन्हाळाभर हळूहळू वितळतो आणि पायथ्याला पाझरतो. सगळीकडे ऊन मी म्हणत असताना इथे गुडघाभर थंडगार पाणी, कडेने लव्हाळं, पाण्यात किडे. हात घातला तर बोटं बधिर.

त्या तळ्याच्या काठावर तासभर उकिडवा बसलो. वाळूत खुरांची गर्दी. घोड्याचा ठसा लगेच वेगळा काढता येतो, खूर एकसंध. गाईचा रुंद आणि पुढून बोथट. एल्कचा त्याहून लहान आणि लांबट, वीतभराच्या निम्मा, दोन्ही पाकळ्या पुढे किंचित आत वळलेल्या. गुरांच्या वासराशी गल्लत होऊ शकते, म्हणून विष्ठा बघायची. जुलैत चारा ओला असल्याने लेंड्या सुट्या पडत नाहीत, एकमेकींना चिकटून चपटा गोळा होतो, पण कडेला त्यांचे मणी मोजता येतात. शेणात असे मणी नसतात. एका ठशाची कड अजून धारदार होती. मी शेजारी बुटाने ताजा ठसा उठवला आणि बघत बसलो. वारा होता तेवढ्यात, अर्ध्या तासात, माझ्या ठशाची कड ढासळून गोल झाली. म्हणजे धारदार कड असलेला तो ठसा आपण येण्याच्या थोडाच आधीचा. दाजी म्हणाले, "आरं, आपली गाडी ऐकून गेलं असंल." शक्य आहे.

१३ जुलै

उजाडायच्या आधी कड्यावर. दुर्बीण तिपाईवर, बसायला फोमचा तुकडा. इथे पायपीट करून काही मिळत नाही, बसून डोळ्यांनी चालायचं. दृश्याचे आडवे पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा सावकाश.

घोडे दिसले, प्रॉन्गहॉर्न दिसले, एक कोल्हा, सेज ग्राउज पक्ष्यांची एक पलटण. एल्क नाही. साडेनऊला मृगजळ सुरू झालं, दूरचं सगळं हलायला लागलं, दुर्बीण बंद.

त्यापेक्षा महत्त्वाचं: उन्हाची आणि वाऱ्याची बाजू. सकाळी पूर्वेच्या टोकाला बसून पश्चिमेकडे पाहिलं की सूर्य पाठीशी आणि वारा तोंडावर. दोन्ही आपल्या बाजूने. संध्याकाळी सूर्य पाठीशी घ्यायचा तर पश्चिमेला बसावं लागतं आणि मग आपला वास थेट जनावरांकडे. म्हणजे या मुलखात सकाळ आपली, संध्याकाळ त्यांची. संध्याकाळी फक्त लांबून बघायचं, जवळ सरकायचं नाही.

जंगली घोडे पाण्यावर असले की बाकी कुणी जवळ येत नाही. प्रॉन्गहॉर्न दूर ताटकळत उभे होते. घोड्यांची कायमची ये-जा असलेली तळी म्हणून यादीतून वगळली.

२ ऑगस्ट

ग्रीन रिव्हरला राज्याच्या वन्यजीव खात्याचं विभागीय कार्यालय आहे, तिथल्या जीवशास्त्रज्ञ बाईंना फोन केला. 'एल्क कुठे आहेत' असं विचारलं असतं तर त्यांनी मोसमाच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला असता. म्हणून आपण काय पाहिलं ते आधी सांगितलं आणि मग विचारलं की दिवसा ही जनावरं बसतात कुठे. त्या मनापासून बोलल्या. राईत कमी, वाळूच्या कडेच्या उंच सेजब्रशमध्ये जास्त. वाळूत ते झुडूप दोन-अडीच मीटर वाढतं, बाकी ठिकाणी गुडघ्याएवढं. आणि पहिल्या गोळीनंतर कळप पाच-दहा किलोमीटर सहज सरकतो, तेव्हा दुसरी जागा तयार ठेवा.

ड्रोन घ्यावं का, असं भाच्याने विचारलं. नाही. ऑगस्टपासून जानेवारीअखेर इथे हवेतून टेहळणीला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मला ते नको होतं.

कोपऱ्यांच्या खटल्यात जमीनमालकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. आपला निर्णय तोच, उत्तरेला.

२३ ऑगस्ट

काल रात्री तासभर वळीव. रस्ता बंद. म्हणजे कुणी बंद केला नाही, इथली माती बेंटोनाइटची. ओली झाली की फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि चारही चाकं फिरत असताना गाडी उतारावर आडवी सरकते. बुटाला दोन-दोन किलो चिखल. हे ऑक्टोबरात झालं तर जिथे आहोत तिथेच राहायचं, म्हणून दोन दिवसांचं जादा अन्न-पाणी गाडीत हवंच. राज्याच्या मालकीच्या निळ्या चौकटीत शिकार चालते पण मुक्काम चालत नाही, तंबू नेहमी बीएलएमच्या पिवळ्यात.

दुपारी रस्ता वाळल्यावर व्हाइट माउंटनची शिलाचित्रं बघून आलो. वालुकाश्मात कोरलेले घोडेस्वार, गवे, आणि शिंगं मागे टाकलेले एल्क. कोरीव कामाशेजारी दगडात बोटांच्या खाचा आहेत, माणसांनी पिढ्यानपिढ्या धरून धरून झिजवलेल्या. दाजींनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. बरं केलं. टेहळणीचा अहवाल या भिंतीवर आधीच लिहिलेला आहे.

पावसाचा एक फायदा झाला. जुने ठसे धुऊन गेले. म्हणजे उद्या पहाटे जे दिसेल ते सगळं आजच्या रात्रीचं.

२४ ऑगस्ट

दिसलं. पूर्वेकडच्या तळ्यापासून उंच सेजब्रशच्या पट्ट्याकडे जाणारी एक मळलेली वाट, तिच्यावर पंधरा-वीस जनावरांचे ताजे माग, त्यात पिल्लांचे बारके खूर. वाट सरळ नाही. ती ओहोळाच्या पोटातून जाते, कड्यावरून बघणाऱ्याला दिसणार नाही अशी. झुडपांत शिरलो नाही. तिथे माणसाचा वास सोडून उपयोग काय? बाहेरून वाऱ्याच्या उलट बाजूने फेरा मारला आणि वाट दुसऱ्या टोकाला कुठे निघते ते पाहिलं. उत्तरेला, एका उथळ खिंडीतून गवताच्या माळावर. रात्री चरणं तिथे, पहाटे परत झुडपांत, मधल्या वेळी पाणी.

या पट्ट्याला नोंदींत यापुढे 'मोठं रान' म्हणायचं. खरी नावं आणि आकडे दाजींच्या वहीत.

२० सप्टेंबर

माजाचा काळ. पहाटे साडेपाचला गाडीचं दार उघडलं आणि पहिली शीळ. नराची ती हाक खालून सुरू होऊन वर चढते आणि शेवटी घशात तुटते, मागून दोन-तीन हुंकार. दाजी इतकी वर्षं शिकार करतात, तरी तेही डबा उघडायचे थांबले.

उजाडताना गवताच्या माळावर साठ-सत्तर माद्या, पिल्लं, एक मोठा नर आणि कडेला घुटमळणारे दोन तरुण. आमच्यापासून दीड किलोमीटर. नर सतत धावपळीत, माद्या शांतपणे चरत. सूर्य वर यायच्या वीस मिनिटं आधी एक म्हातारी मादी खिंडीकडे चालू लागली, आणि बाकीच्या एकामागे एक. नराला कुणी विचारलं नाही. खिंड ओलांडून त्या ओहोळात उतरल्या आणि संपलं. एवढा कळप, एकही झाड नाही, आणि दिसायला काही नाही.

नऊपर्यंत मोठी दुर्बीण त्या झुडपांवर लावून बसलो. नुसता राखाडी-हिरवा रंग. मग एका ठिकाणी काहीतरी फडफडलं. कान. माशी वारायला हलवलेला कान, बस. तो सापडल्यावर त्याच्या डावीकडे दुसरा, मग एक पाठ, मग झुडपाच्या सावलीत पांढुरकं ढुंगण. अर्ध्या तासात अकरा जनावरं मोजली, सगळी आधीपासून तिथेच होती.

धनुष्यवाले शिकारी दोन ठिकाणी दिसले, दोन्ही राईकडे. त्यांच्याशी बोललो नाही, हात केला.

२१ सप्टेंबर

आज ओझ्याची परीक्षा. हे फार जण करत नाहीत आणि मग रात्री अकराला रडतात.

मादीचं हाडं काढलेलं मांस सत्तर-ऐंशी किलो धरायचं. म्हणजे पंचवीस-तीस किलोच्या तीन फेऱ्या, आणि पाठी दोन. पाण्याचे कॅन भरून पिशवीत सत्तावीस किलो केले आणि मोठ्या रानाच्या आतल्या टोकापासून गाडीपर्यंत चाललो. नकाशावर सव्वापाच किलोमीटर. वाळूत पाय घोट्यापर्यंत जातो, चढावर दोन पावलं पुढे आणि एक मागे. तीन तास दहा मिनिटं लागली. दाजी वर पोचले तेव्हा त्यांनी पिशवी टाकली आणि स्वतःही तिच्याशेजारी आडवे झाले. "लेका," म्हणाले, "हितं मारलंस तर हितंच शिजवून खायाचं."

एका जनावरासाठी तीन ओझी म्हणजे दोघांपैकी एकाला परत जावं लागणार. सगळं मिळून नऊ-साडेनऊ तास. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो पण दुपारी ऊन पंधरा अंशांपर्यंत चढतं, आणि जाड मांडी हाडाजवळ आधी नासते. मांस खराब करायचं असेल तर शिकार करूच नये.

म्हणून आजचा निर्णय, दाजींनाही मान्य: मोठ्या रानाच्या आतल्या भागात कितीही जनावरं दिसली तरी तिथे गोळी नाही. खिंडीवरच बसायचं. खिंड गाडीपासून अडीच किलोमीटर, जमीन टणक, उतार गाडीच्या दिशेने. तिथे दिसतात कमी, पण तिथून घरी आणता येतात.

आत न जाण्याचा दुसरा फायदा असा की दिवसाची त्यांची बसायची जागा शाबूत राहते. एका सकाळी जमलं नाही तर दुसऱ्या सकाळी त्या तिथूनच येणार.

४ ऑक्टोबर

शेवटची फेरी, लांबूनच. कळप आता फुटलाय. नर वेगळे झाले, माद्या दोन टोळ्यांत. एक टोळी अजून खिंडीची वाट वापरते. दुसरी पूर्वेला सरकली, तिचा माग बेसिनकडे जातो. तळ्याच्या कडेला सकाळी काचेसारखा पातळ बर्फ, खुरांनी फुटलेला.

निर्णय मांडून ठेवतो, म्हणजे मोसमाच्या दिवशी पहाटे चारला चर्चा नको.

पश्चिमेचा वारा असेल तर खिंडीच्या पूर्वेच्या टेकाडावर, दगडांच्या दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेतून आकाशरेषेवर डोकं दिसतं. वारा पूर्वेचा झाला, वादळाच्या आधी होतो, तर त्या दिवशी खिंड सोडायची आणि स्टीमबोटच्या दक्षिणेकडच्या झऱ्यावर जायचं. ही दुसरी जागा, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर मी दीडशे मीटरपलीकडे गोळी घालणार नाही. एरवी मर्यादा अडीचशे. सरावाच्या मैदानावर यापुढचे माझे नेम बरे असतात, पण मैदानावर धाप लागलेली नसते.

नारिंगी जाकीट दोघांनाही. कायद्याने फ्लुरोसंट गुलाबीही चालतो, भाचीने दाजींसाठी गुलाबी टोपी आणलीय आणि ते ती घालणार आहेत.

कापणी जागेवरच, हाडं काढून. वायोमिंगच्या हरणवर्गात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा आजार १९८५पासून आहे, आणि युटात मेंदू-मणक्यासकट धड नेता येत नाही. मणका तिथेच सोडायचा, लसिकाग्रंथींचा नमुना तपासणीला द्यायचा आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या कप्प्यात. मादी असल्याचा पुरावा मांसासोबत ठेवायचा, ते दाजींना दोनदा सांगितलंय.

राहिलेली कामं: दुसरं स्पेअर टायर, सॅटेलाइट यंत्राची वर्गणी चालू करणे, सुती पिशव्या धुणे, ताईच्या फ्रीझरमधले मागच्या वर्षीचे मोदक आणि दोन किलो वाटाणे हलवणे. ताई म्हणते मोदक हलणार नाहीत. मग वाटाणे.